हातातले देण्याआधी दोन मिनिटे
रस्त्यावरच्या फसवणुकीपासून आपली बचत कशी सांभाळावी



महिन्याचा पगार घरात आला की तो कुठे कुठे जातो हे तुम्हाला तोंडपाठ असते. किराणा, दूधवाला, मुलांची फी, गॅस, बचत गटाचा हप्ता. त्यातून उरलेच तर काही शे रुपये खात्यात जमा होतात. असे काही हजार साठायला वर्ष लागते. रस्त्यावरच्या भामट्याला ते घेऊन जायला पाच मिनिटे पुरतात.

जामुल हे कामगारांचे गाव. इथे १९६५ पासून सिमेंटचा कारखाना आहे, शेजारी भिलाईचा पोलाद कारखाना आणि औद्योगिक वसाहत आहे. घरातली कर्ती माणसे पाळीवर गेली की दुपारी घरात सासू-सुना आणि लहान मुले उरतात. पगाराच्या आठवड्यात बँकेत आणि एटीएमसमोर रांग लागते. रविवारी सुपेल्याच्या बाजारात गर्दी उसळते. लग्नसराईत अंगावर दागिने घालून नागपूर-गोंदियाची गाडी पकडली जाते. आपला हा दिनक्रम आपल्याला ठाऊक असतो, तसा भामट्यालाही ठाऊक असतो. म्हणून त्याचे डाव आपल्यालाही ठाऊक असायला हवेत.

खिसेकापू आणि भामटा यांतला फरक

खिसेकापू तुमच्या नकळत पैसे काढतो. साखळीचोर हिसका मारून पळतो. भामटा यातले काहीच करत नाही. तो तुमच्याशी गोड बोलतो आणि तुम्ही स्वतःच्या हाताने वस्तू त्याच्या हातात ठेवता. पुढे दिलेल्या प्रत्येक प्रकारात ही एक गोष्ट सारखीच आहे. बांगडी, कार्ड, पिन किंवा पासबुक तुमच्याच हातून जाते.

ही वाईट बातमी आहे, तशीच चांगलीही आहे. देणारा हात तुमचा असेल तर तो थांबवणेही तुमच्याच हाती आहे.

१. तोतया पोलीस

समजा, तुम्ही सकाळी मंदिरातून परतत आहात. साध्या कपड्यातला एक धिप्पाड माणूस मोटारसायकल थांबवतो. खिशातून कसलेसे ओळखपत्र क्षणभर दाखवतो आणि दटावतो, "माताजी, आगे लूट हुई है. इतना सोना पहनकर घूम रही हो? उतारकर रख लो." तेवढ्यात रस्त्याने आणखी एक जण येतो. 'साहेब' त्यालाही दरडावतात. तो मुकाट्याने गळ्यातली साखळी काढून देतो आणि साहेब ती कागदात बांधून त्याला परत करतात. ते पाहून तुम्हीही बांगड्या काढता. साहेब त्यांची पुडी बांधतात, पिशवीत ठेवून देतात आणि घरी जाऊनच उघडायला सांगतात. घरी पुडी उघडली की आत खडे निघतात.

तो दुसरा माणूस त्याचाच साथीदार होता. तुमची पुडी बांधताना हातचलाखीने बदलली गेली.

पोलीस रस्त्यात कोणाचे दागिने काढून त्यांची पुडी बांधून देत नाहीत. चोऱ्या वाढल्या असतील तर ते सावध करतील, पण तुमच्या दागिन्यांना हात लावणार नाहीत. असे कोणी सांगितले तर एवढेच म्हणा, "मी ठाण्यात येऊन काढते." आणि जवळच्या दुकानात शिरा. खरा पोलीस रागावणार नाही. खोटा मात्र थांबणार नाही.

या प्रकारात फसलेल्या बाईला घरचे म्हणतात, "एवढे कसे कळले नाही?" त्यांनी मुंबईची एक खरी घटना वाचावी. मार्च १९८७ मध्ये एका माणसाने गुप्तचर अधिकाऱ्यांच्या भरतीची जाहिरात वर्तमानपत्रात दिली. ताज हॉटेलात मुलाखती घेतल्या आणि उमेदवार निवडून त्यांना ओळखपत्रे दिली. १९ मार्चला या 'अधिकाऱ्यांना' घेऊन त्याने ऑपेरा हाऊसजवळच्या त्रिभोवनदास भीमजी झवेरी या प्रसिद्ध पेढीवर सीबीआयचा छापा घातला. दागिने 'नमुने' म्हणून पिशव्यांत भरून त्यांवर मोहरा लावल्या आणि तो निघून गेला. तो पुन्हा सापडलाच नाही. सोबत आणलेल्या उमेदवारांनाही आपण खरेच सरकारी कामावर आहोत असे वाटत होते.

रोज सोने पारखणारी पेढी जिथे फसली, तिथे साधी गृहिणी फसली तर त्यात तिच्या अकलेचा प्रश्न नाही. अधिकाराचा आवाज आणि घाई एकत्र आली की माणसाचा विचार क्षणभर थांबतो. भामटा त्या क्षणावर जगतो.

२. दुपारचा पॉलिशवाला

दोन तरुण दारावर येतात. हातात कंपनीच्या नावाची पिशवी आणि पावडरीची पाकिटे असतात. प्रचारासाठी आलो आहोत, पैसे नकोत, असे सांगून ते घरातला काळवंडलेला पितळी तांब्या मागतात आणि लख्ख करून देतात. मग चांदीचे पैंजण. तेही चमकतात. तोवर तुमचा विश्वास बसलेला असतो. शेवटी ते म्हणतात, "गळ्यातलेही करून देऊ का?"

यापुढे डाव दोन प्रकारे पडतो. पहिल्या प्रकारात दागिना ज्या द्रावणात बुडवतात त्यात सोने विरघळवणारे तीव्र आम्लांचे मिश्रण असते. दागिना परत मिळतो, चमकतोही, पण वजन घटलेले असते. विरघळलेले सोने भामटा नंतर त्या पाण्यातून काढून घेतो. दुसऱ्या प्रकारात तो दागिना हळदीच्या पाण्याबरोबर डब्यात किंवा कुकरमध्ये टाकल्याचे दाखवतो, झाकण लावतो आणि अर्ध्या तासाने उघडायला सांगतो. झाकण उघडाल तेव्हा आत फक्त हळदीचे पाणी असते.

यात पायऱ्या पाहा: आधी पितळ, मग चांदी, मग सोने. लहान वस्तू परत देऊन मोठ्या वस्तूचा विश्वास कमावला जातो. म्हणून दारावर आलेल्या माणसाला तांब्यासुद्धा देऊ नका. सोने उजळायचे असेल तर ओळखीच्या सराफाकडे जा, आधी आणि नंतर तुमच्यासमोर वजन करून घ्या.

३. नोटांची गड्डी आणि मातीतले सोने

बसथांब्यावर एक भेदरलेला मुलगा भेटतो. मालकाने पगार दिला नाही म्हणून पैसे उचलून पळालो, गावी जायचे आहे, रस्ता सांगा, असे म्हणतो. त्याच्याकडे रुमालात बांधलेली नोटांची गड्डी असते. शेजारी उभा असलेला एक 'भला माणूस' तुमच्या कानाशी लागतो, "याला चोर लुटतील. गड्डी आपणच ठेवून घेऊ. याला वाटखर्चाला तुमच्याकडचे थोडे द्या." तुम्ही रोकड किंवा अंगठी देता आणि रुमाल घेता. त्यात वर-खाली एकेक खरी नोट आणि मध्ये कोरे कागद असतात.

याचाच दुसरा प्रकार म्हणजे खोदकामात सापडलेले सोने. मजुराच्या वेषातला माणूस सांगतो की पाया खणताना जुनी माळ मिळाली, पोलिसांच्या भीतीने स्वस्तात विकायची आहे. तो एक मणी तोडून देतो. सराफ म्हणतो, सोने खरे आहे. तो मणी खराच असतो. बाकीची माळ पितळेची असते.

नमुना पारखून माल खरा ठरत नाही. नमुना निवडणारा विकणाराच असतो. पण त्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: 'हे पोलिसांना सांगू नका' अशी अट ज्या व्यवहारात आहे, त्यात फसलो तर मी तक्रार कोणत्या तोंडाने करणार? भामट्याने हा डाव मुद्दाम असा रचलेला असतो. तुम्हाला तो आधी थोडेसे भागीदार करून घेतो, म्हणजे नंतर तुम्ही गप्प बसता. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हे आपल्या वाडवडिलांनी उगाच सांगितलेले नाही.

४. बँकेच्या दारात आणि एटीएममध्ये

पैसे काढून तुम्ही स्कूटरपाशी येता. मागून कोणी म्हणते, "भैया, आपके पैसे गिर गए." खाली दहा-दहाच्या दोन-तीन नोटा पडलेल्या असतात. तुम्ही वाकता, तेवढ्यात हँडलला लावलेली पिशवी जाते. कपड्यांवर घाण टाकून, अंगाला खाज आणणारी पावडर टाकूनही असेच लक्ष वळवले जाते. बँकेतून निघाल्यावर रक्कम अंगाशी असू द्या, डिकीत किंवा हँडलला नको. वाटेत काहीही पडले, लागले, सांडले तरी घरी पोचेपर्यंत थांबू नका.

बँकेच्या आत कोणी नोटा मोजून देऊ करील. त्या त्याच्या हातात देऊ नका. मोजताना दोन-चार नोटा तळहाताखाली सरकवणे त्याला एका क्षणात जमते. शंका असेल तर खिडकीवरच पुन्हा मोजून मागा.

एटीएममध्ये सगळ्यात जास्त चालणारा डाव म्हणजे कार्डाची अदलाबदल. मशीन नीट चालत नसल्याचे पाहून मागचा तरुण "लाइए काकाजी, मैं निकाल देता हूँ" म्हणत पुढे येतो. तुमचा पिन पाहतो, पैसेही काढून देतो आणि तुमच्या कार्डासारखेच दिसणारे दुसरे कार्ड हातात ठेवतो. तुमच्या कार्डाने तो पुढच्या तासाभरात दुसऱ्या एटीएममधून पैसे काढतो. म्हणून कार्ड परत घेताना त्यावरचे आपले नाव वाचा. नाव छापलेले नसेल तर शेवटचे चार आकडे लक्षात ठेवा. मदत लागली तर बँकेच्या वेळेत जा आणि बँकेच्याच माणसाला विचारा.

मशीनने खात्यातून रक्कम वजा केली आणि नोटा बाहेर आल्याच नाहीत, तर घाबरून कोणाची मदत घेऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमानुसार बँकेने ती रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत परत जमा करायची असते. त्यापेक्षा उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते.

५. दुकानदार आणि क्यूआर कोड

भाजीची गाडी असो की चहाची टपरी, आज प्रत्येकाकडे क्यूआर कोड आहे. भामटा रात्री त्यावर आपला कोड चिकटवून जातो आणि दिवसभराचे पैसे त्याच्या खात्यात जातात. सकाळी गाडी लावल्यावर स्वतःच्या फोनने कोड तपासा आणि नाव आपलेच दिसते का पाहा. गिऱ्हाईक फोनवर 'पैसे गेले' असे चित्र दाखवते, ते खोटेही असू शकते. तुमच्या फोनवर संदेश आला किंवा तुमच्या खात्यात रक्कम दिसली, तरच पैसे आले.

दुसरी गोष्ट घरातल्या प्रत्येकाने पाठ करावी: यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो. पैसे घेण्यासाठी तो कधीही लागत नाही. "तुमचे पैसे परत करतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका," असे कोणी म्हणाले की समजा, तो पैसे मागतो आहे.

६. खाते भाड्याने

हा डाव नवा आहे आणि तरुणांवर टाकला जातो. चहाच्या टपरीवर ओळखीचाच कोणी सांगतो, "खाते उघड. पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम मला दे. घरबसल्या दर महिन्याला पैसे मिळतील." काम काही नाही, जोखीम काही नाही, असे वाटते.

भिलाईचे नाव २०२३ मध्ये देशभर गाजले ते महादेव या ऑनलाइन सट्ट्याच्या अ‍ॅपच्या तपासामुळे. या सट्ट्याचा पैसा बेनामी बँक खात्यांच्या जाळ्यातून फिरवला जात होता, असे अंमलबजावणी संचालनालयाने म्हटले आहे. सट्टा असो की ऑनलाइन ठकवणूक, असा पैसा वळवायला दुसऱ्या कोणाच्या तरी नावाची खाती लागतात. कोणाच्या तरी लुटलेल्या पैशाची वाट तुमच्या पासबुकातून जाते. मग खाते गोठवले जाते आणि नोटीस येते ती खाते ज्याच्या नावावर आहे त्याच्या दारात. भाडे देणाऱ्याचे नाव कुठेच नसते. ज्याच्या खात्यात मजुरी, आईचे पेन्शन किंवा गॅसची सबसिडी येते, त्याचे घर त्या दिवशी अडते.

खाते म्हणजे सही आहे. सही जशी कोणाला उसनी देत नाही, तसे खातेही देऊ नका.

शहाणी माणसे का फसतात

वरचे सहा प्रकार पुन्हा पाहा. पोलिसाच्या डावात भीती आहे, गड्डीच्या डावात लोभ आहे. पण पॉलिशवाल्याला नाही म्हणवत नाही ती भिडेमुळे. एटीएममधल्या तरुणावर विश्वास बसतो तो आपल्या साधेपणामुळे. 'लोभी माणूसच फसतो' हे म्हणणे म्हणून खरे नाही. भित्रा, भिडस्त आणि भला माणूसही फसतो.

सगळ्या डावांत सारखी असते ती घाई. भामट्याला तुमचे पैसे हवे असतात, पण त्याआधी त्याला तुमची दोन मिनिटे हवी असतात. ती दोन मिनिटे तुम्ही त्याला दिली नाहीत तर पुढचे काही घडत नाही. म्हणून घरात एकच नियम करा:

अनोळखी माणसाने पैसे, दागिना, कार्ड, पिन किंवा पासबुक मागितले, की दोन मिनिटे थांबायचे आणि घरच्या एका माणसाशी बोलल्याशिवाय हातातले द्यायचे नाही.

"थांबा, मुलाला फोन करते," एवढे मोठ्याने म्हणा. वाक्य साधे आहे, पण ते ऐकले की बहुतेक भामटे वाट धरतात. दुपारी एकट्या असणाऱ्या आजीला हे वाक्य दोन-तीनदा म्हणायला लावा. सवय असली म्हणजे वेळेवर तोंडातून निघते.

फसवणूक झालीच तर

आता सगळ्यात महत्त्वाचे. फसल्यावर माणूस लाजतो. घरी कळले तर काय म्हणतील, या विचारात रात्र जाते. ती रात्र भामट्याच्या फायद्याची असते. तुम्ही गप्प बसलात तर तोच माणूस दुसऱ्या दिवशी शेजारच्या गल्लीत असतो.

• पैसे खात्यातून, कार्डाने किंवा यूपीआयने गेले असतील तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. हा सायबर फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त.

• त्याच वेळी बँकेला कळवून कार्ड आणि यूपीआय बंद करा. तक्रारीचा क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा. बँकेचा फोन नंबर आजच पासबुकाच्या आतल्या पानावर लिहा, कारण हरवलेल्या कार्डाच्या मागे छापलेला नंबर तेव्हा हातात नसतो.

• रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, तुमची आणि बँकेचीही चूक नसताना त्रयस्थाने खात्यातून पैसे काढले आणि बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत तुम्ही कळवले, तर तुमच्यावर काहीच भार पडत नाही. चार ते सात कामाच्या दिवसांत कळवल्यास भार मर्यादित असतो, साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये. पिन किंवा ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान तुमचे. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. म्हणजे चूक तुमची असली तरी फोन करण्याचा फायदा आहेच.

• दागिना किंवा रोख गेली असेल तर ११२ वर फोन करा आणि ठाण्यात लेखी तक्रार द्या. प्रवासात घडले असेल तर जवळच्या कोणत्याही ठाण्यात तक्रार देता येते. हद्द दुसरी आहे म्हणून तुम्हाला परत पाठवता येत नाही. माणसाचा वेष, बोली आणि गाडीचा रंग आठवतील तितके सांगा.

• बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला शुल्क नाही. माहितीसाठी क्रमांक १४४४८ आहे.

आणि घरातल्या बाकीच्यांनी एक करावे. फसलेल्या माणसाला पहिल्या तासात दोष देऊ नये. त्या तासात फोन करायचे असतात. ज्या घरात बोलणी बसतात, त्या घरात पुढची फसवणूक लपवली जाते.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपण म्हणतो. पण ठेच लागलेल्याने सांगितले तरच मागच्याला कळते. तुमच्या बाबतीत असे काही घडले असेल, तर बचत गटाच्या पुढच्या बैठकीत ते सांगा. तुमची गेलेली बांगडी त्याने परत येईलच असे नाही. शेजारणीची मात्र हातात राहील.